मदत हवी आहे: डाळिंबाच्या सालीचं जेल, कार्बोपॉल की एचईसी?

नमस्कार मंडळी,

मी मुंबईत एम.फार्म.च्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रबंधासाठी हर्पिसच्या विषाणूला (एचएसव्ही-२) रोखणारं, योनिमार्गात लावायचं जेल करतेय. हा विषाणू एकदा शरीरात शिरला की आयुष्यभर मुक्काम ठोकतो, वर एचआयव्हीचा धोका साधारण तिप्पट करतो, आणि त्यावर अजून लस नाही. नवऱ्याला कंडोम वापर म्हणायची ज्या बाईची सोय नाही, तिच्या स्वतःच्या हातात काहीतरी असावं, एवढ्यासाठी मी हा विषय धरून बसलेय.

डाळिंबाच्या सालीत प्युनिकॅलॅजिन हे टॅनिन (तुरट द्रव्य) भरपूर असतं, विषाणू रोखायची भिस्त त्याच्यावरच आहे. दादरच्या ज्यूसवाल्याकडून साली आणते, सावलीत वाळवून अर्क काढते. इथवर ठीक. अडतं ते बेसपाशी, म्हणजे अर्क ज्यात मिसळायचा त्या जेलपाशी. कार्बोपॉल (जेल बनवणारा आम्लधर्मी पॉलिमर) घट्ट करायला ट्रायइथेनॉलअमाइन ही अल्कली घातली की थेंब पडतो तिथेच जेल काळपट तपकिरी होतं. टॅनिन अल्कलीत टिकत नाही. अल्कली कमी ठेवून पीएच ४.५ च्या आसपास थांबलं, तर अर्कातल्या क्षारांमुळे जेल पातळ होऊन बोटावरून ओघळतं. पीएच वाढवायचा नाहीच, कारण योनीतले लॅक्टोबॅसिलस हे उपयोगी जीवाणू ३.८ ते ४.५ मध्येच सुखाने राहतात.

एचईसीला (हायड्रॉक्सीइथाइल सेल्युलोज, जेलचा दुसरा पर्याय) क्षारांचं वावडं नाही. पण त्याच्याच जातीच्या मिथाइलसेल्युलोजचं टॅनिक ॲसिडशी जमत नाही, मग एचईसीही टॅनिनला धरून ठेवेल का? कोणी करून पाहिलंय?

दुसरं, अर्काने व्हेरो पेशीच (विषाणू वाढवायला वापरतात त्या माकडाच्या पेशी) मेल्या, तर प्लाक (विषाणूने पेशी मारून पडलेले ठिपके) कमी दिसले म्हणून विषाणू मेला असं कसं म्हणायचं? सुरक्षिततेची मला जास्त धास्ती आहे. नॉनॉक्सिनॉल-९ हे शुक्राणुनाशक प्रयोगशाळेत एचआयव्ही मारायचं, पण २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ते वारंवार वापरणाऱ्या बायकांमध्ये संसर्ग उलट वाढला, कारण त्याने योनीचं अस्तरच सोलवटत होतं. लाल शेवाळातल्या कॅराजीननचं कॅरागार्ड हे जेल निर्धोक ठरलं, तरी दक्षिण आफ्रिकेत ६,००० हून जास्त बायकांवरच्या चाचणीत एचआयव्ही रोखू शकलं नाही. माझं काम तिथवर जाणार नाही, पण पाया कच्चा नको.

प्रतिसाद:
ताई, आधी विषाणू न घालता नुसत्या अर्कावर एमटीटी (पेशी जिवंत आहेत का ते रंगावरून सांगणारी चाचणी) कर. निम्म्या पेशी मारणारी मात्रा आणि निम्मे प्लाक घटवणारी मात्रा, यांत दहापट तरी अंतर हवं. नुसत्या बेसची प्लेटही सोबत लाव. एचईसीत अर्क मिसळून रात्रभर ठेव, सकाळी सेंट्रिफ्यूज करून वरच्या द्रवातलं प्युनिकॅलॅजिन एचपीएलसीवर (घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) मोज, म्हणजे किती अडकलं ते कळेल. ऑस्मोलॅलिटी (जेलमध्ये विरघळलेल्या कणांचं प्रमाण) विसरू नकोस. ग्लिसरीन जास्त झालं की ती १२०० मिलिऑस्मोल प्रति किलोच्या वर जाते आणि पेशी आकसतात. आणि कृत्रिम वीर्यद्रव मिसळून चाचणी पुन्हा घे. टॅनिन तिथल्या प्रथिनांना चिकटतं, विषाणूसाठी उरतं किती ते तिथेच दिसेल.