कंडरा नुसती दोरी नव्हे
कंडरा म्हणजे स्नायू हाडाला बांधणारी दोरी, असं म्हणतात ते खरं. पण ही दोरी थोडी ताणतेही. एरवी तिच्यातले कोलॅजन या प्रथिनाचे तंतू नागमोडी असतात. ओढ बसली की आधी ती नागमोड सरळ होते, मग खरा ताण येतो. धावताना टाचेमागची अकिलीस कंडरा ताणून ऊर्जा साठवते आणि पाऊल उचलताना बरीचशी परत देते.

दुखापत झालेली कंडरा सावकाश भरून येते, आणि त्याचं कारण फक्त कमी रक्तपुरवठा असं सांगितलं जातं; हे मात्र अर्धंच उत्तर वाटतं. अणुचाचण्यांमुळे हवेत वाढलेल्या कार्बन-१४ (किरणोत्सर्गी कार्बन) च्या आधारे अकिलीस कंडरा तपासल्या, तेव्हा दिसलं की तिचा गाभा साधारण १७ व्या वर्षानंतर जवळजवळ बदलतच नाही. म्हणजे पन्नाशीतही आपण विशीच्या आतल्या कंडरेवरच चालतो!