मॅट कॅम्पबेल गेले, आता ओ-लाइनच्या पोरांनी कॉलेज निवडायचं तरी कशावर?

आयोवाकर_बाबा

नमस्कार मंडळी. आम्ही एम्सजवळ राहतो, आयोवा स्टेटचं स्टेडियम घरापासून जवळच. थोरला दहावीत आहे, शाळेच्या अमेरिकन फुटबॉल टीममध्ये लेफ्ट गार्ड खेळतो, म्हणजे ओ-लाइनमध्ये, चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला वाचवणाऱ्या पुढच्या पाच जणांत, अंगाने दणकट आहे आणि मन लावून खेळतो. कॉलेजची ऑफर वगैरे अजून काही नाही, पण त्याचं सगळं लक्ष आतापासून तिकडेच लागलंय.

डिसेंबर २०२५ मध्ये इथले हेड कोच मॅट कॅम्पबेल दहा सीझननंतर पेन स्टेटला गेले आणि मागोमाग क्वार्टरबॅक रॉको बेक्टसकट इथली बरीच पोरं तिकडे गेली. तिकडे पेन स्टेटने ऑक्टोबरात आधीचे हेड कोच जेम्स फ्रँकलिनना काढलं, ते व्हर्जिनिया टेकला गेले, तर पेन स्टेटला येणारी शाळेतली पोरं त्यांच्यामागे गेली, सही करायच्या दिवशी पेन स्टेटकडे उरलेली पोरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. पोरगा मला विचारतो की बाबा, मग नेमका भरवसा कोणावर ठेवायचा? मला उत्तर देता आलं नाही. दोन प्रश्न आहेत. कोच बदलला की ओ-लाइनला जास्त फटका बसतो म्हणतात ते का? आणि पोराने कॉलेज बघायचं, हेड कोच बघायचा की ओ-लाइनचा कोच? जाणकारांनी सविस्तर सांगा, घाई नाही.

कोलंबसचा_काका

दादा, पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो. रिसीव्हर (पास झेलणारा) एकटा पळून एकट्याच्या जिवावर नाव काढू शकतो, ओ-लाइनमध्ये ते होत नाही, तिथे मध्ये सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड आणि कडेला टॅकल असे पाच जण एकदम हलावे लागतात. ढोलपथकात एकाचं टिपरू चुकलं की सगळ्या पथकाचा ठेका जातो ना, तसंच. आणि हे पाच जण तयार व्हायला वेळ लागतो. शाळेतून आलेला पोरगा बहुतेक वेळा पहिलं वर्ष रेडशर्ट असतो, म्हणजे फारसे सामने न खेळता सराव करतो, वजन वाढवतो, दुसऱ्या वर्षी बाकावर, तिसऱ्या वर्षी कुठे मैदानात. म्हणजे ज्या कोचने त्याला आणलं तो तिसऱ्या वर्षापर्यंत टिकला तर नशीब.

त्यात शिकवणं प्रत्येकाचं वेगळं. पास ब्लॉकिंगचंच (पास फेकला जाईपर्यंत समोरच्याला अडवण्याचं) बघा, एक कोच टॅकलला सांगतो स्नॅप झाला (सेंटरने चेंडू मागे दिला) की सरळ मागे ये, दुसरा सांगतो ४५ अंशात ये, तिसरा म्हणतो मागे येऊच नको, समोरच्याला तिथेच जाऊन धर. पायांना एक सवय लागायला शेकडो सराव लागतात आणि नवा कोच आला की ती सवय मोडायची. रनचं (चेंडू घेऊन पळण्याचं) पण तेच, एकाकडे झोन (सगळी लाइन एकाच बाजूला सरकते) तर दुसऱ्याकडे गॅप (ठरलेल्या फटीतून वाट काढायची), गॅपला गार्डला पुल करून, म्हणजे आपली जागा सोडून, पळावं लागतं, मग ज्या जाड्या पोराला आधीच्या कोचने फक्त समोरच्याला ढकलायला घेतलं होतं त्याचं काय करणार?

सगळ्यात वाईट उदाहरण वॉशिंग्टनचं. २०२३ मध्ये त्यांच्या ओ-लाइनला जो मूर अवॉर्ड मिळाला, हा अवॉर्ड एका खेळाडूला नसतो, अख्ख्या लाइनला असतो. टीम १४-१, फायनलपर्यंत गेली. जानेवारी २०२४ मध्ये कोच केलन डीबोअर अलाबामाला गेले आणि त्या पाचमधला एकही उरला नाही. दोन्ही टॅकल फाउटानू आणि रोझनगार्टन एनएफएलला (व्यावसायिक लीगला) गेले, ते तसेही जाणारच होते, पण सेंटर ब्रेल्सफर्ड डीबोअरांच्या मागे अलाबामाला आणि दोन्ही गार्ड कलेपो आणि ब्युलो ओल मिसला. पुढच्या वर्षी वॉशिंग्टन ६-७. क्वार्टरबॅकही नवा होता हे मान्य, पण पाचच्या पाच जण गेल्यावर ते भोक एका पोर्टल विंडोत (खेळाडूंनी कॉलेज बदलायच्या ठराविक मुदतीत) बुजत नाही.

अटलांटाची_अनघा

काकांनी वॉशिंग्टन सांगितलं, मी त्याची दुसरी बाजू सांगते कारण आमच्याकडे घरात सगळे अलाबामावाले.

ब्रेल्सफर्ड डीबोअरांवर भरवसा ठेवून आला. त्याचा वॉशिंग्टनचा लाइन कोच स्कॉट हफ पण सोबत अलाबामाला आला, म्हणजे सगळं जमून आलं असंच वाटणार ना? काही आठवड्यांत हफ एनएफएलमध्ये सिॲटलच्या (वॉशिंग्टन कॉलेजच्याच गावच्या) सीहॉक्सकडे गेले. पोरगा इकडे, कोच परत सिॲटलला! मग अलाबामाने ख्रिस कापिलोविचना आणलं. ब्रेल्सफर्डने तरीही जम बसवला, पोरगा हुशार, पण धडा काय तर पोझिशन कोचवर (लाइन कोचसारख्या एकाच जागेच्या कोचवर) बेत आखू नका, त्यांची नोकरी सगळ्यात आधी हलते.

आणि तुमच्याच आयोवाचा केडिन प्रॉक्टर विसरू नका. साउथईस्ट पोकचा पोरगा, फाइव्ह स्टार (सर्वोच्च मानांकनाचा) टॅकल, आधी आयोवाला (आयोवा सिटीचं कॉलेज, तुमचं आयोवा स्टेट नव्हे) हो म्हणाला, डिसेंबर २०२२ मध्ये ऐनवेळी अलाबामाकडे वळला, २०२३ मध्ये फ्रेशमन (पहिल्या वर्षाला) असताना लेफ्ट टॅकलला स्टार्टर. १० जानेवारी २०२४ ला अलाबामाचे हेड कोच सेबन निवृत्त झाले. तेव्हा हेड कोच गेला की पोरांना ३० दिवसांची पोर्टल विंडो मिळायची, त्यात तो आयोवाला परत गेला आणि मार्चमध्ये पुन्हा अलाबामाला निघाला. लोकांनी त्याला काय काय बोलून घेतलं. मला तेव्हाही राग आला होता आणि आजही येतो, कारण वीस वर्षांचासुद्धा नसलेला पोरगा, ज्याच्यासाठी आला तो माणूस निघून गेला, चार महिन्यांत दोनदा कॉलेज बदलायला लागलं, आणि शिव्या त्यालाच. कोच करार मोडून जातात तेव्हा त्याला करिअर म्हणतात.

मिनेसोटाची_मीनल

अनघाताई, शेवटच्या वाक्याला पूर्ण अनुमोदन. पण कोच गेला की सगळं संपलं असंही नाही हो. जो आल्ट बघा. आमच्या इथला, फ्रिडलीच्या शाळेतला, शाळेत टाइट एंड (लाइनच्या टोकाला उभा राहून पासही झेलणारा) खेळायचा, थ्री स्टार, २०२१ मध्ये नोट्र डेमला गेला. तिथे तीन वर्षांत त्याला तीन लाइन कोच लाभले, आधी जेफ क्विन, मग हॅरी हिस्टँड, मग जो रुडॉल्फ, आणि मध्ये हेड कोच ब्रायन केली पण एलएसयूला गेले. तरी पोरगा ऑल अमेरिकन (देशातल्या सर्वोत्तमांत) झाला आणि २०२४ च्या ड्राफ्टमध्ये (एनएफएलच्या खेळाडू निवडीत) चार्जर्सने पाचव्या नंबरला घेतला.

त्याचे वडील जॉन आल्ट स्वतः आयोवाकडून आणि मग चीफ्सकडून टॅकल खेळलेले, ते घरचं बाळकडू होतंच. पण दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते मला. नोट्र डेमला ओ-लाइन ही त्या कॉलेजची परंपरा आहे. २०१७ चा जो मूर अवॉर्ड त्यांचा, त्या लाइनमधले नेल्सन आणि मॅक्ग्लिंची २०१८ च्या ड्राफ्टमध्ये सहावे आणि नववे. कोच बदलला तरी कॉलेज त्या जागेवर त्याच तोडीचा माणूस शोधतं, पैसे खर्च करतं. तेव्हा विचारायचा प्रश्न असा की या कॉलेजने मागची दहा-बारा वर्षं लाइनमन घडवलेत का, आणि ते एकाच कोचच्या हाताखाली की वेगवेगळ्या? वेगवेगळ्या असतील तर निर्धास्त जा.

आयोवाकर_बाबा

सगळ्यांचे आभार, पोराला वाचून दाखवलं, ब्रेल्सफर्डचं ऐकून तो गप्पच झाला. आता त्याचा प्रश्न असा की मग सरळ आयोवाला फेरेन्ट्झकडे का जाऊ नये? घरात सायक्लोन्सचे (आयोवा स्टेटचे) झेंडे आहेत म्हणून मी जरा आवंढा गिळूनच विचारतोय.

सीडर_रॅपिड्सचा_सदा

दादा, झेंडे राहू द्या, पोराचा प्रश्न अगदी मुद्द्याचा आहे. कर्क फेरेन्ट्झ १९९९ पासून हेड कोच आहेत आणि मुळात ते स्वतः लाइन कोच, १९८० च्या दशकात हेडन फ्रायच्या हाताखाली आयोवाची ओ-लाइनच बघायचे. म्हणून आयोवाला लाइन कोच बदलला तरी शिकवणं बदलत नाही, ते हेड कोचच्या डोक्यात आहे. टायलर लिंडरबॉम बघा, सोलनचा पोरगा, डिफेन्सला आला होता, त्यांनी सेंटर केला. २०१९ आणि २०२० ला लाइन कोच टिम पोलासेक, ते वायोमिंगला गेले, २०२१ ला जॉर्ज बार्नेट आले, आणि त्याच वर्षी लिंडरबॉमला देशातल्या सर्वोत्तम सेंटरची रिमिंग्टन ट्रॉफी. आउटसाइड झोन (कडेच्या बाजूला पळण्याची झोन पद्धत) कालही तोच, आजही तोच. आर्मीचंही तसंच, जेफ मंकन २०१४ पासून तिथेच, बाकीच्यांपेक्षा अंगाने लहान पोरं घेऊन २०२४ चा जो मूर अवॉर्ड नेला.

म्हणून माझं मत मीनलताईंच्या थोडं पुढे जातं. त्या कॉलेजात लाइनचं ज्ञान कोणाकडे आहे ते शोधा. फक्त लाइन कोचकडे असेल तर ते त्याच्या बॅगेत बसून निघून जातं. पण फेरेन्ट्झ सत्तरीत आहेत हेही लक्षात घ्या, तुमचा पोरगा कॉलेजला जाऊन तयार होईपर्यंत तिथेही बदल येऊ शकतो.

कोलंबसचा_काका

सदाभाऊ बरोबर. बाबा, अजून एक. बदल नेहमी वाईटच असतो असं पोराच्या मनात बसू देऊ नका. सेथ मॅक्लॉक्लिन अलाबामाचा सेंटर, १ जानेवारी २०२४ च्या रोझ बोलमध्ये त्याचे स्नॅप बिघडले, ओव्हरटाइमच्या शेवटच्या डावात चेंडू क्वार्टरबॅककडे खाली गेला आणि मिशिगन जिंकलं. काय बोलले लोक त्याला! तोच पोरगा आमच्याकडे ओहायो स्टेटला आला, नवा कोच, नव्या लोकांत, आणि २०२४ ची रिमिंग्टन ट्रॉफी त्याचीच. नोव्हेंबरात ॲकिलीस (टाचेची शीर) तुटला तरीही. मी स्टेडियममध्ये त्याचे स्नॅप बघायचो, एकेक छातीच्या उंचीवर.

कामाचं सांगतो. अकरावीच्या १ सप्टेंबरपासून कोच थेट मेसेज करू शकतात, तोपर्यंत समर कॅम्पला न्या, तिथे लाइन कोच स्वतः हात धरून शिकवतो ते उभं राहून बघा. भेटायला गेलात की रोस्टर (खेळाडूंची यादी) काढा, लाइनमध्ये कितीजण शाळेतून आलेले आणि किती पोर्टलमधून ते मोजा. पोर्टलचेच जास्त असतील तर तिथे फ्रेशमनला थांबून घडवायला कोणाला वेळ नाही. आणि जुना लेटर ऑफ इंटेंट (त्या कॉलेजला येण्याचं बांधील पत्र) ऑक्टोबर २०२४ मध्ये बंद झालाय, आता स्कॉलरशिप आणि पैशाचा करार हाच कागद, काही करारांत पोरगा निघाला तर पैसे परत मागायची अट असते. हेड कोच गेला तर त्या अटीचं काय, हे सहीच्या आधी लेखी विचारा. कोचला नाही, कंप्लायन्स ऑफिसला (कॉलेजात नियम पाळले जातात का ते बघणाऱ्या).

अटलांटाची_अनघा

आणि सही वकिलाला दाखवूनच. लेन किफिन ३० नोव्हेंबर २०२५ ला ओल मिस सोडून एलएसयूला गेले, सह्या ३ डिसेंबरपासून. तीन दिवसांत काय वाचून होणार? कागद आधीच मागून ठेवा.

आयोवाकर_बाबा

कंप्लायन्सचं तर डोक्यातच आलं नव्हतं. जूनमध्ये दोन कॅम्प करतो, एक एम्सला आणि एक आयोवा सिटीला. पोरगा आत्ता गॅरेजमध्ये टेप लावून ४५ अंशाची रेघ आखतोय. सरळ मागे येण्याची आणि ही, दोन्ही पद्धती आतापासून शिकवाव्यात की एकच पक्की करावी, हेही कोणीतरी सांगा.