घरातल्या पाली, वाळवी आणि झुरळे: आपल्या भागातले अनुभव

मृगाचा पहिला पाऊस होऊन गेला की संध्याकाळी पंख फुटलेली वाळवी ट्यूबलाइटवर झेपावते आणि तासाभरात आमच्या बेळगाव-शहापूरच्या घराच्या भिंतीवर पाच-सहा पाली जमतात. काल त्यांतली एक मी जवळून पाहिली. किडा तोंडात धरून तिने तो भिंतीवर दोनदा आपटला, पंख गळल्यावर गिळला आणि मग जीभ बाहेर काढून स्वतःचा डोळा पुसला. पालीला आपल्यासारख्या मिटणाऱ्या पापण्या नसतात, त्यामुळे ती डोळे असेच स्वच्छ ठेवते. आपण कोणत्या जिवांना घरात राहू दिले, कोणाला हाकलले आणि ते कशावरून ठरवले, हे प्रत्येकाने लिहावे, अशी विनंती आहे. ऐकीव उपायांपेक्षा स्वतः करून पाहिलेले लिहिलेत तर इतरांना उपयोग होईल.

जांबोटीजवळून, तालुका खानापूर

आमचे घर कौलारू असून पावसाळ्याचे चार महिने भिंतींची ओल हटत नाही. पूर्वी स्वयंपाक चुलीवर होत असे आणि धूर वाशांमधून कौलांबाहेर जात असे. गॅस आल्यावर चूल बंद झाली. त्यानंतरच्या तिसऱ्या पावसाळ्यात माजघराच्या भिंतीवर जमिनीपासून वर चढत गेलेली मातीची बारीक नळी दिसली. मी ती बोटाने फोडली, तेव्हा आत पांढुरक्या वाळवीची रांग चालू होती. दुसऱ्या दिवशी सकाळी फुटलेला भाग ओल्या मातीने पुन्हा लिंपलेला होता. वाशावर टिचकी मारली तर आवाज पोकळ आला. रॉकेल ओतले, पण नळी शेजारून पुन्हा वर चढली, कारण वाळवीचे मूळ घर जमिनीत होते. शेवटी पायाच्या कडेने चर खणून जमिनीत औषध सोडावे लागले आणि दोन वासे बदलावे लागले. धुराने लाकूड कोरडे राहत होते, असे वडिलांचे म्हणणे आहे आणि मला ते पटते.

पालींचे मात्र आमच्याकडे कधी वावडे नव्हते. पाल चुकचुकली की आजी बोटाने जमिनीवर टकटक करून ‘कृष्ण, कृष्ण’ म्हणत असे. आजोबांच्या तसबिरीमागे एकदा वाटाण्याएवढी दोन पांढरी अंडी सापडली, तेव्हा तिनेच तसबीर पुन्हा जागेवर लावायला सांगितले.

निपाणीहून

आमच्या गल्लीजवळ तंबाखूची वखार आहे. तंबाखूला लागणारा तांबूस, तिळाएवढा किडा हळदीत आणि वाळल्या मिरचीतही तितकाच सुखाने वाढतो, हे आम्हाला उशिरा कळले. वर्षाची म्हणून भरून ठेवलेली संकेश्वरी मिरची आषाढात काढली, तर प्रत्येक मिरचीला सुईने पाडावे तसे भोक होते आणि डब्याच्या तळाशी पिठासारखा भुसा साचला होता. ऊन देऊन, चाळून पुन्हा भरली. दीड महिन्यात तोच प्रकार झाला. आता मिरची आणि हळद थोडी थोडी आणतो, आधी आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवतो आणि मग घट्ट झाकणाच्या बरणीत भरतो. येथे पाल काहीही मदत करू शकत नाही, कारण किडा डब्याच्या आत असतो.

चिकोडीहून

पाल विजेच्या बोर्डात शिरून दोनदा फ्यूज गेला. बोर्डाची भोके बुजवून घ्यावीत, एवढेच सांगायचे आहे.

वडगाव, बेळगाव येथून

आमच्या घरात माग आहेत. सुताला खळ लावलेली असते आणि झुरळांना ती आवडते, त्यामुळे आमच्यासाठी झुरळ म्हणजे थेट नुकसान. दोन वर्षांपूर्वी घरभर फवारणी करून घेतली. चौथ्या दिवशी मागाच्या खाली तीन पाली मरून पडलेल्या आढळल्या आणि महिन्याभरात बारकी झुरळे मात्र पुन्हा दिसू लागली. झुरळाची अंडी कठीण आवरणात असतात, त्यामुळे एका फवारणीने ती मरत नाहीत. तेव्हापासून बोरिक पावडर, कणीक आणि साखर यांच्या गोळ्या करून लहान मुलांचा हात पोहोचणार नाही अशा जागी ठेवतो आणि तीन आठवड्यांनी बदलतो. पालीचाही त्रास आहे, तो लपवून उपयोग नाही: टोकाला पांढरा ठिपका असलेली तिची काळी विष्ठा साडीवर पडली तर डाग सहज जात नाही. म्हणून रात्री मागावर जुने धोतर पसरतो.

टिळकवाडी, बेळगाव येथून

मी लग्न होऊन साताऱ्याहून आले. पहिल्याच आठवड्यात शेजारच्या अक्का ‘हल्ली, हल्ली’ म्हणून ओरडल्या आणि मला काहीच उमगेना. कन्नडमध्ये पालीला हल्ली म्हणतात. पुढे एकदा दुधात पाल पडली. सासूबाईंनी पंचांगातले पल्लीपतन, म्हणजे पाल पडण्याचे शकुन, काढून पाहिले, तर डॉक्टरांनी सांगितले की आपल्या घरातली पाल विषारी नसते, पण तिच्या अंगावरचे आणि विष्ठेतले जंतू पोट बिघडवतात. दूध टाकून दिले आणि पातेल्यावर जाळीचे झाकण आले. मागच्या महिन्यात दारात सापडून तिथल्याच एका पालीची शेपटी तुटली. तुटलेला तुकडा बराच वेळ वळवळत होता. आता तिला आखूड, फिकट रंगाची नवी शेपटी फुटते आहे आणि माझी मुलगी रोज रात्री दिवा लावून ती किती वाढली ते पाहते.