मे महिन्यात ब्रॉयलरची (चिकनच्या कोंबड्यांची) गाडी दुपारी भरायची का?

सिन्नरकडं माझं पाच हजार पक्ष्यांचं शेड आहे, कंपनीशी कराराचं. लॉट ४० दिवसांचा झालाय. गाडी येते भर बाराला. पोरं एका हातात चार-पाच पक्षी एकेका तंगडीनं उचलतात नि क्रेटमध्ये फेकतात. तंगड्या मोडतात, पंख लोंबतात. बोललं तर म्हणतात, "कापायलाच चाललेत ना!" काय करावं?

उत्तर १ : दादा, पक्षी रात्रीच उचलायला सांगा. कोंबडीला घाम येत नाही, जास्त करून धापा टाकूनच ती अंग गार करते. क्रेट खच्चून भरला की ते पण जमत नाही. खाद्य सहा-आठ तास आधी बंद, पाणी मात्र शेवटपर्यंत चालू. मंद निळा दिवा लावा, पक्षी बावचळत नाहीत. दोन्ही पाय धरून उचलायला लावा.

उत्तर २ : जनावर वाहतुकीच्या १९७८ च्या नियमांत २००१ साली कोंबड्यांचा भाग आला. सलग सहा तासांवर नेता येत नाही. कंपनीच्या सुपरवायझरला दाखवा, ऐकेल असं नाही, पण दाखवा.

प्रश्नकर्ता : सुपरवायझर म्हणतो, रात्रीची हमाली जास्त पडते. निम्मी मी देतो म्हटलंय.

उत्तर ३ : चिकनचं दुकान आहे माझं. मोडक्या तंगडीला रक्त साकळतं, तो पीस गिऱ्हाईक परत करतं. हेही सांगा त्याला.