मदत हवी आहे: फॉर्म्युला वनच्या २०२६ च्या गाडीत लॅपमागे (म्हणजे एका फेरीत) ८.५ मेगाज्यूल वीज येणार कुठून?

राम राम मंडळी. भुसावळला डिप्लोमाच्या मुलांना ऑटोमोबाइल शिकवतो. मार्चमध्ये मेलबर्नची पहिली शर्यत व्हायच्या आत नव्या गाडीवर एक सत्र घ्यायचं ठरवलंय. नुसते फोटो नाही, फळ्यावर आकडेमोड करून. रावेर-यावलकडची पोरं आहेत, रविवारी मोबाइलवर शर्यत बघतात आणि सोमवारी वर्गात प्रश्न घेऊन येतात. त्यातल्याच एका प्रश्नावर अडलोय.

बाहेरचे बदल सांगायला सोपे. व्हीलबेसची (पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतराची) मर्यादा ३६०० वरून ३४०० मिलिमीटर, रुंदी २००० वरून १९००, वजन तीसेक किलोने कमी. डीआरएस, म्हणजे समोरच्याला गाठायला फक्त मागची विंग उघडायची सोय, गेलं. आता पुढच्या आणि मागच्या, दोन्ही विंगांचे फ्लॅप ट्रॅकच्या ठरलेल्या सरळ पट्ट्यांवर सगळ्यांनाच आडवे करता येणार, समोरच्या गाडीच्या एका सेकंदात असण्याची अट नाही.

घोडं अडतंय विजेपाशी. १.६ लिटरचं व्ही६ टर्बो इंजिन साधारण ४०० किलोवॅट देणार आणि मागच्या चाकांना ताकद देणारी मोटर, म्हणजे एमजीयू-के, ३५०. आधी ती १२० ची होती. बॅटरीतून एका वेळी वापरता येणारी ऊर्जा ४ मेगाज्यूल. भागाकार केला तर पूर्ण ताकदीने जेमतेम साडेअकरा सेकंद! म्हणून लॅपभर परत भरत राहायचं, आणि त्याची वरची मर्यादा साधारण ८.५ मेगाज्यूल.

आता हिशेब बघा. ८०० किलोची गाडी ताशी ३०० किलोमीटरवरून १०० वर आणली की सुमारे २.५ मेगाज्यूल सुटतात. पण ब्रेक चालतो दोन-तीन सेकंद. ३५० किलोवॅटने तेवढ्यात फार तर एक मेगाज्यूल पदरात पडतो, बाकीची डिस्क तापवण्यात आणि हवेत जाते. ८.५ भरायला याच दराने २४ सेकंद हवेत. मेलबर्नच्या लॅपमध्ये एवढा वेळ जोराचं ब्रेकिंग होतच नाही.

इथे बऱ्याच मुलांच्या घरी लोको शेडमधलं कुणी ना कुणी आहे. रेल्वेचं डब्ल्यूएजी-९ हे विजेवरचं इंजिन घाट उतरताना तारेत वीज परत देतं हे ती ऐकत मोठी झालीत. त्यामुळे प्रश्न नेमका आला: "सर, इथं घाट कुठंय?" शिवाय धुराड्यातल्या गॅसवर वीज करणारं एमजीयू-एचही काढून टाकलंय. मग उरलेली ऊर्जा येते कुठून? जाणकारांनी कृपया सांगावं.

तापीकाठ:
सर, हिशेब बरोबर आहे. उरलेला भाग इंजिनच भरतं. वळणात ड्रायव्हर अर्ध्या थ्रॉटलवर असतो, तेव्हा इंजिन जास्त ताकद काढतं आणि जादाची एमजीयू-के जनरेटर होऊन घेते. दुसरा मार्ग म्हणजे ब्रेकच्या जागेच्या बरंच आधी पाय उचलायचा. तिसरा मुलांना पटायला जड जाईल. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, सरळ पट्टा अजून संपायचा आहे, आणि मोटर ढकलायचं सोडून इंजिनाचीच ताकद बॅटरीकडे ओढते. गाडीचा वेग तिथे चक्क उतरतो. याला सुपर क्लिपिंग म्हणतात. म्हणजे घाट नाहीच, शेवटी ही बरीचशी वीज इंधनातूनच येते.

विंगांचा भाग वेगळा शिकवू नका, हे माझं आग्रहाचं सांगणं. फ्लॅप आडवे झाले नाहीत तर हवा कापण्यातच ही वीज संपेल. एकाच हिशेबाच्या दोन बाजू आहेत त्या. एमजीयू-एच महाग आणि किचकट होतं, रस्त्यावरच्या गाड्यांना त्याचा फारसा उपयोग नव्हता, नव्या कंपन्या यायला कचरत होत्या. म्हणून गेलं.

धुळ्याचा वारा:
भाऊ, एक आलेख नक्की काढा. आडवा वेग, उभी मोटरची ताकद. ताशी २९० किलोमीटरपर्यंत ३५० किलोवॅट, तिथून उतरत ३४५ ला शून्य. मागून जवळ आलेल्या गाडीला मात्र ३३७ पर्यंत पूर्ण ताकद आणि अर्धा मेगाज्यूल जादा, असं नियम जाहीर करताना सांगितलं होतं. ओव्हरटेक कसा होणार हे पोरं आलेख बघूनच ओळखतील.

धागाकर्ता:
दोघांचे मनापासून आभार. इंजिनच भरतं हे लक्षात आलं आणि २४ सेकंदांचा हिशेब जुळला. आता एकच मागणं. थ्रॉटल शंभर टक्के आणि तरी वेग घटतोय, अशी जागा मुलांना खऱ्या डेटावर दाखवायची आहे. कुठे मिळेल?

तापीकाठ:
पायथॉनमध्ये फास्टएफवन नावाची मोफत लायब्ररी आहे. वेग, थ्रॉटल, ब्रेक, गिअर सगळं लॅपनुसार मिळतं. आधी २०२५ ची मेलबर्नची लॅप काढून ठेवा. शर्यत झाली की २०२६ ची तिच्यावर ठेवून मुलांनाच ती जागा शोधायला लावा. कोड अडला तर इथेच टाका, बघतो.