मदत हवी आहे: आईच्या आमवातासाठी घरी स्टीम टेंट / सॉना / मिठाच्या पाण्याचा टब, कोणी वापरलंय का?

नमस्कार मंडळी, आईबद्दल विचारायचंय. थोडं लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय कोणी नीट सल्ला देऊ शकणार नाही म्हणून सविस्तर लिहितेय.

आई ६३ वर्षांची आहे, बरीच वर्षं रूमेटॉइड आर्थ्रायटिस आहे, म्हणजे आमवात, गुडघे झिजतात तो संधिवात नाही. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्झेट (आमवाताची मुख्य गोळी), दुसऱ्या दिवशी फॉलिक अ‍ॅसिड, रोज एचसीक्यू (हायड्रॉक्सीक्लोरोक्विन, तीही आमवाताचीच), शिवाय बीपीची गोळी आणि त्या बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषधपण आहे. डॉक्टर म्हणतात आजार आटोक्यात आहे, रिपोर्टही बरे येतात, पण सकाळी उठल्यावर बोटं इतकी आखडलेली असतात की दुधाची पिशवी कापायला घेतली तर कात्रीच्या कडीत अंगठा जात नाही, कुकरचं झाकण मी ऑफिसला निघायच्या आधी लावून जाते. पावसाळ्यात आणि थंडीत तर विचारूच नका. आणि तीच आई कडक पाण्याने आंघोळ करून आली की तासाभराने पोळ्या लाटायला बसते. म्हणजे उष्णतेने तिला बरं वाटतं हे मी रोज बघतेय, त्यात शंकाच नाही.

गडबड झाली ती वेगळीच. सोसायटीतल्या एका काकूंबरोबर ती एका वेलनेस सेंटरमध्ये जायला लागली, तिथे पाय पाण्यात बुडवून बसवतात, त्यात मीठ आणि एक यंत्र, थोड्या वेळाने पाणी तपकिरी होतं आणि सांगतात की हे बघा तुमच्या सांध्यातलं विष बाहेर आलं. आता ते तपकिरी पाणी म्हणजे यंत्रातली लोखंडी पट्टी मिठाच्या पाण्यात वीज सोडल्यावर गंजते त्याचा रंग असतो, पाय न घालता यंत्र चालू ठेवलं तरी पाणी तसंच होतं. पण आईच्या मनात ते पक्कं बसलं, आणि तिने मला न सांगता मेथोट्रेक्झेट बंद केली, "घाण निघतेच आहे तर एवढी जहाल गोळी कशाला घेऊ" म्हणून. मनगटं सुजली, बांगड्या उतरवाव्या लागल्या, तेव्हा मला कळलं. मला त्या सेंटरचा फार राग आलाय. पैसे गेले त्याचं जाऊ द्या, पण या आजारात आपलीच प्रतिकारशक्ती सांध्याच्या आतल्या अस्तरावर हल्ला करते, बाहेर काढायला तिथे विष नसतंच, आणि गोळी थांबली की सांधा आतून खराब होत राहतो, तो परत पहिल्यासारखा होत नाही.

आता गोळी परत सुरू आहे. पण तिला शेक हवाय आणि तो मलाही द्यायचाय. वाचलं त्यात नेदरलँड्समधला २००९ चा एक छोटा अभ्यास सापडला, १७ रूमेटॉइडचे आणि १७ अँकिलोझिंग स्पाँडिलायटिसचे (पाठीच्या कण्याचा वात) पेशंट, चार आठवड्यांत इन्फ्रारेड सॉनाच्या (किरणांनी अंग शेकणारी गरम केबिन) आठ बैठका, बैठकीच्या वेळी दुखणं आणि आखडलेपण कमी झालं, आजार बळावला नाही, पण नंतर तो फायदा तसा टिकला नाही. म्हणजे आराम मिळतो, आजार तिथेच राहतो, मला तेवढंही पुरेसं आहे. जपानमध्ये वाओन थेरपी म्हणून आहे, कागोशिमाच्या डॉ. चुवा तेई यांनी १९८९ मध्ये सुरू केलेली, त्यात फक्त ६० डिग्रीच्या कोरड्या सॉनात १५ मिनिटं आणि मग ब्लँकेट गुंडाळून अर्धा तास पडून राहायचं, घामाने गेलेलं पाणी भरून काढायचं. ती मुळात हार्ट फेल्युअरच्या पेशंटसाठी आहे, तरी इतकं सौम्य काहीतरी आपल्याकडे घरी जमेल का असं वाटलं.

आम्ही चिंचवडला तिसऱ्या मजल्यावर, बाथरूम जेमतेम चार बाय सात, गॅस गिझर आहे. मामेबहीण न्यू जर्सीला असते, तिच्याकडे लाकडी इन्फ्रारेड केबिन आहे, ती म्हणते घेऊन टाक, पण ठेवणार कुठे. ऑनलाइन ते घडीचे स्टीम टेंट मिळतात, आत खुर्ची, डोकं बाहेर, बाजूला वाफेचं भांडं, ते कोणी वयस्कर माणसासाठी वापरलंय का? की फुगवायचा टब आणि एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियमचं मीठ) बरं? मेथोट्रेक्झेट चालू असताना घाम काढणं कितपत ठीक आहे? आणि सगळ्यात महत्त्वाचं, शेक देताना तिच्या डोक्यातलं ते डिटॉक्स कसं काढू, नाहीतर मी टेंट आणायचे आणि ती परत गोळी सोडायची. प्लीज अनुभव सांगा. "गोळ्या बंद करून अमुक काढा द्या" हे कृपया नको.

प्रतिसाद १
मी फिजिओथेरपिस्ट आहे. डॉक्टरांना विचारल्याशिवाय घाम काढायचा कुठलाच प्रकार सुरू करू नका, कारण मेथोट्रेक्झेट शरीरातून जाते ती किडनीवाटे, अंगातलं पाणी कमी झालं की ती साठते आणि त्रास देते. त्यात त्यांच्या बीपीच्या गोळीने आधीच पाणी जातंय, उष्णतेने बीपी अजून उतरतं, टबमधून किंवा खुर्चीवरून उठताना चक्कर येऊन पडणं हा खरा धोका. उलट्या-जुलाब-ताप असेल त्या दिवशी तर शेकाचं नावच नको. दुसरं, सांधा लाल, गरम, सुजलेला असेल तेव्हा त्यावर उष्णता नाही, तेव्हा गार पट्टी. मला विचाराल तर त्यांचं मुख्य दुखणं हाताचं दिसतंय, त्यासाठी पूर्ण अंगाला घाम कशाला? जवळच्या फिजिओकडे वॅक्स बाथ असतो, वितळलेल्या पॅराफिन मेणात हात बुडवून काढतात, पाच-सहा थर झाले की प्लास्टिक आणि टॉवेल गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं, आणि मेण सोलून काढल्यावर लगेच बोटांचे व्यायाम. ते व्यायामच जास्त महत्त्वाचे, मेणाने फक्त बोटं सैल होतात. घरी मेण गॅसवर तापवू नका, भाजतं आणि पेटतं.

प्रतिसाद २
वडिलांसाठी स्टीम टेंट आणला होता, त्यांची पाठ धरायची. वाफ मस्त लागते हे खरं, पण तुमच्या आईसाठी मी नको म्हणेन आणि कारण अगदी साधं आहे, चेन. आत बसल्यावर हात आतच राहतात, चेन आतून उघडावी लागते, ती बारीक आणि वाफेने ओली. आखडलेल्या बोटांनी ती उघडणार नाही आणि घाबरायला होईल. वाफेची नळी जिथे आत येते तिथे पाय लागला तर चटका बसतो, वडिलांच्या पोटरीला बसला होता, मग नळीच्या तोंडावर टॉवेल आणि पाय लांब ठेवायला पाट. तरी आणलाच तर बाहेर कोणीतरी सतत बसायला हवं, आणि घरात तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या. आणि एप्सम सॉल्ट घाला किंवा नका घालू, त्यातलं मॅग्नेशियम कातडीतून आत जातं हे काही नीट सिद्ध झालेलं नाही, बरं वाटतं ते गरम पाण्याने.

प्रतिसाद ३
गॅस गिझर वाचलं आणि थांबवेना. बंद बाथरूममध्ये गॅस गिझर चालू ठेवून गरम पाण्यात पडून राहणं हे जिवावरचं काम आहे. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, माणूस गुंगीतच जातो, हिवाळ्यात आपल्याकडे दरवर्षी अशा बातम्या येतात. ताई, टब राहू द्या बाजूला, आधी तो गिझर बाथरूमच्या बाहेर उघड्या हवेत लावून घ्या किंवा इलेक्ट्रिक घ्या. तोवर पाणी बादलीत काढून गिझर बंद करून मगच आईंना आत पाठवा, खिडकी उघडी, कडी न लावता.

प्रतिसाद ४
मी फिनलंडला असते, आमच्या बिल्डिंगला तळघरात सॉना आहे, दर आठवड्याला आमची ठरलेली वेळ असते. इथे ८०-९० डिग्रीत बसतात, दगडांवर पाणी टाकतात, पण कोणी विष बाहेर काढतोय असं म्हणत नाही, अंग मोकळं होतं, झोप लागते, एवढंच. २०१५ चा जो अभ्यास सगळे फॉरवर्ड करतात तो पूर्व फिनलंडच्या मध्यमवयीन २३१५ पुरुषांवरचा, जास्त वेळा सॉना घेणाऱ्यांत हृदयविकाराने अचानक मृत्यू कमी दिसले. पण तो निरीक्षणाचा अभ्यास आहे, जो माणूस आठवड्यातून चारदा सॉनात बसू शकतो तो मुळातच धडधाकट असू शकतो. आमवाताच्या गोळीऐवजी सॉना असं त्यात कुठेही नाही, तुमच्या आईला हे जरूर सांगा.

प्रतिसाद ५
आमच्या वैद्यांनी आमवातात तेल लावून मालीश करू नका असं बजावलं होतं, वाळूचा कोरडा शेक दिला. धुऊन वाळवलेली वाळू लोखंडी तव्यावर तापवायची, सुती कापडात पुरचुंडी बांधायची, आधी स्वतःच्या मनगटावर लावून बघायची आणि मग सांध्यावर. अ‍ॅलोपॅथीच्या गोळ्या चालूच ठेवा असं त्यांनीच सांगितलं.

प्रतिसाद ६
मी स्वतः रूमेटॉइडची पेशंट आहे. आईशी विषावरून वाद घालू नका, हरल्यासारखं वाटलं की ती लपवायला लागेल. मलाही मेथोट्रेक्झेट नकोशी व्हायची, कारण दुसऱ्या दिवशी मळमळ आणि अंग गळून जायचं, आणि हे मी घरी कोणाला सांगितलं नव्हतं. तिला एकदा शांतपणे विचारा की गोळीने तिला काय होतं. मळमळ असेल तर डॉक्टर रात्री घ्यायला सांगतात, डोस विभागून देतात, इंजेक्शन असतं, बरंच करता येतं. डिटॉक्स तिला आवडलं कारण तिथे कोणीतरी अर्धा तास तिच्याजवळ बसून तिचं ऐकत होतं.

धागाकर्ती
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री प्रतिसाद ६ वाचून आईला विचारलं, तर खरंच, सोमवारी गोळी घेतली की मंगळवारी तिला जेवण जात नाही, आणि मी मंगळवारी ऑफिसला असते म्हणून मला कधी दिसलंच नाही. डॉक्टरांची अपॉइंटमेंट लवकरची घेतलीय, त्यांना मळमळीचं सांगणार आणि शेकाचंही विचारणार. टेंट रद्द. गिझरवाल्याला फोन केलाय, तो रविवारी येऊन बाल्कनीत लावता येईल का बघणार आहे. तोपर्यंत सकाळी फक्त हातांसाठी पातेल्यात कोमट-गरम पाणी, कोपराने तपासून, आणि त्यातच बोटांची उघडझाप.

एकच अजून विचारायचंय, चिंचवड-आकुर्डीत हाताचा वॅक्स बाथ करणारे फिजिओ कोणाला माहीत आहेत का, लिफ्ट असलेल्या बिल्डिंगमधले? असतील तर व्यनि करा प्लीज.