मदत हवी आहे: स्टँडअप शिकवून येतं का?

माझ्या धाकट्या बहिणीला स्टँडअप कॉमेडी करायचीय, पुण्यात ओपन माइकला (जिथे नवखेही स्टेजवर जाऊन सादर करतात) जाते, घरी बोलायला लागली की आम्ही पोट धरून हसतो पण स्टेजवर ५ मिनिटांचा सेट सुरू केला की पब्लिक गप्प. आता वर्कशॉपची फी भरायची म्हणतेय. सेटअप (म्हणजे विनोदाची आधीची मांडणी) छोटा करणं, हशा ओसरेपर्यंत थांबणं, मराठीत क्रियापद शेवटी येतं त्यामुळे पंचचा, म्हणजे ज्यावर हशा येतो तो, शब्द आधीच फुटतो तो मागे कसा न्यायचा, हे शिकवता येत असणार, पण मुळात गंमत दिसायची नजर, ती येते का शिकवून? कोणी असा क्लास केलाय का, खरंच फरक पडला? की तेच पैसे प्रवासाला ठेवून मुंबईचे ओपन माइक करावेत? खूप मेहनत घेतेय पोरगी, प्लीज अनुभव सांगा.